तात्यांच्या अंगावर न पडलेला हार

तात्यांच्या अंत्ययात्रेची वेळ मी अध्यक्षांना मुद्दाम चुकीची सांगितली होती.

आज तात्यांचा स्मृतिदिन. सकाळी आमच्या गावच्या विकास मंडळाच्या अध्यक्षांनी पोस्ट टाकलीय, "आमचे मार्गदर्शक". फोटोला हार घातलाय. मला टॅगही केलंय.
म्हणून हे लिहिणं आलं.

तात्या म्हणजे पेणजवळच्या आमच्या कासू गावचे, फौजेतले निवृत्त हवालदार. विशीत, १९४५ साली महायुद्ध संपल्यावर, ब्रिटिशांच्या फौजेतून व्हिएतनामला गेले. तिथे साहेबाच्या हुकमावरून एका गावाची भाताची कोठारं जाळली.

"शत्रू कसले, शास्त्री? आपल्यासारकेच भातवाले. तो वास अजून नाकातून जात नाय."

(शास्त्री म्हणजे मी. पेणच्या शाळेत संस्कृत शिकवायचो, त्याची ही शिक्षा.)

नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका कंपनीत मिन्ह नावाचा व्हिएतनामी इंजिनियर ट्रेनिंगला आला. तात्यांनी त्याला बाजारात गाठलं आणि थेट जेवायला घरी आणलं. पानावर बसवून कोठारांचं सगळं सांगून टाकलं.

मिन्हनं ऐकून घेतलं.
मग आणखी भात मागितला.

त्याच्याही गावच्या शेतात समुद्राचं पाणी शिरायचं. तात्यांची जमीन खाडीलगतची, खारी. तिथे तग धरतं ते आपलं तांबडं राता भात. तात्यांनी एकेक लोंबी हातानं निवडली आणि बियाणं त्याच्यासोबत पाठवलं. पुढच्या वर्षी उभ्या पिकाचा फोटो आला. तो देव्हाऱ्यात गेला.

अध्यक्षांना हे झोंबलं. पंधरा ऑगस्टला भर मैदानात त्यांनी तात्यांना पहिल्या रांगेतून उठवलं.

"इंग्रजांचा शिपाई, त्यात गावचं बी परक्यांना वाटतो. मागं बस."

तात्या मागे बसले नाहीत. झेंड्याला सलाम केला आणि घरी गेले.

शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाले, "तो अध्यक्ष हार घेऊन येल. फोटोवाला पण आणील. माज्या अंगावर त्याचा हार नको."

तात्या गेले त्या सकाळी अध्यक्षांचा फोन. "कधी नेताय?"

"चार वाजता."

शास्त्रात असत्याला थोड्या सवलती आहेत. ही त्यात बसत नाही. तरी घेतली.

आम्ही दोनला नेलं.

चारला जीप आली. इस्त्रीचे पांढरे कपडे, हार, फोटोग्राफर. समोर चिता अर्धी जळालेली.

"शास्त्री, फसवलंस मला!"

"व्हय. तात्यांनीच सांगितलं होतं."

सगळा गाव ऐकत होता. फोटोग्राफरनं कॅमेरा पिशवीत घातला. अध्यक्ष हार धरून उभे. ठेवायला जागाच नव्हती.

तर अध्यक्ष, टॅग मी काढलाय. पोस्ट तुम्ही काढा. तात्यांचा नकार अजून लागू आहे.

तात्या, मी आहे इथे. निश्चिंत असा.