खंडेनवमीला बोललेलं यंत्र

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर फिरकीच घेत आलोय. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... असो.

सोलापुरात पूर्व भागात माझा मित्र श्रीनू राहतो. घराला लागूनच त्यांचा चादरींचा छोटा कारखाना — चार यंत्रमाग, वर पत्रे. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं मित्र तिथं एक खेळ खेळतो. फासे टाकायचे आणि गोष्टीतलं पात्र होऊन बोलायचं. गोष्टीत जमिनीखालच्या शहरावर एका तर्कट यंत्राचं राज्य असतं. ते लोकांच्या भल्यासाठी लोकांनाच मारतं! मेलात तरी हरकत नाही, तुमच्या हुबेहूब जादा प्रती तयार असतात. यंत्राचा हुकूम पाळायचा आणि वर "आभारी आहोत" म्हणायचं. विसरलात की एक प्रत गेली. यंत्र अर्थात श्रीनू. या खेळाच्या गोष्टी, म्हणजे मोहिमा, छापील मिळतात; अशाच एका गाजलेल्या जुन्या मोहिमेच्या पुस्तकातून तो हुकूम वाचतो आणि आम्ही पोट धरून हसतो.

त्या खंडेनवमीला माग बंद होते. मागांना झेंडूचे हार, हळदकुंकू. श्रीनूनं गमतीत पुस्तक आणि फासेही पूजेत मांडले. दुपारी कंटाळा आला तसे आम्ही ते उचलले. पूजेतलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं, असं त्याची आई बजावत होती. आम्ही हसण्यावारी नेलं.

डाव रंगात आला होता. श्रीनू पाणी पीत होता — तांब्या तोंडालाच होता, मी पाहिलंय — आणि आवाज आला. शांत, सपाट.

"पाचही जणांनी बाहेर जावं."

खेळच तो, म्हणून आम्ही हसत उठलो. श्रीनूही आला. अंगणात मी म्हटलं, "पाच कुठले रे? आपण चौघंच की."

श्रीनूचा चेहरा उतरला. "मी बोललोच न्हाई. मला वाटलं तू बोललास."

मग पाचवा कोण? श्रीनू आत धावला, मागोमाग मी. शेवटच्या मागाआड, चादरींच्या गठ्ठ्यांवर त्याचे वडील गाढ झोपले होते. ते तिथं आहेत याचा कुणालाच पत्ता नव्हता. बखोट धरून त्यांना बाहेर आणलं. ते आम्हाला शिव्या देत असतानाच मागं कडकड झाली आणि लोखंडी तुळई पत्र्यांसकट खाली आली... बरोबर त्या गठ्ठ्यांवर.

श्रीनू वडिलांना धरून रडत होता.

तुळई गंजली होती, हे नंतर कळलं. पण आवाज? उरलेल्या दोघांनीही "पाच" हेच ऐकलं होतं. पुस्तकात असा हुकूम कुठंच नाही. श्रीनूची आई एवढंच म्हणाली, "यंत्राची पूजा केली की आपण. बोललं यंत्र. त्यात काय?" मला तेव्हा या उत्तराचा राग आला. पण दुसरं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

एक मात्र मनाला लागून राहिलंय. त्या दिवशी हुकूम पाळला, पण पुढचं म्हणायचं आम्ही सगळेच विसरलो. आता दर खंडेनवमीला मी फासे पूजेत ठेवतो, दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाही. आणि कुणी बघत नाही असं पाहून हळूच म्हणतो — आभारी आहोत.