एक दाणा आधी

तेलात मोहरीचा एक दाणा सोडला होता, तेवढ्यात कोरेगाव भीमाहून किसनच्या मुलीचा फोन आला. “काका, आप्पा गेले.” मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तसाच उभा राहिलो. तो दाणा काही तडतडला नाही... त्याला आता महिना होऊन गेला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिरूरच्या मार्केट यार्डात मला कारकुनाची नोकरी लागली आणि एसटी स्टँडामागच्या खोलीत किसन पार्टनर मिळाला. तो शिरूर-दौंड गाडीवर कंडक्टर. मी खुटबावचा, घरी पाण्याचा तांब्यासुद्धा कधी स्वतः न भरलेला. खानावळीच्या तिखटजाळ रश्श्यानं चार महिन्यांत माझं पोट पार बिघडलं. गावी हे कळलं तसा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निरोप आला... रविवारी येतो, सामान बांधून ठेव. मला परत जायचं नव्हतं. किसन म्हणाला, “आठ दिस हायेत. सैपाक शिक. आबांना करून घाल.”

असा गुरू मला पुन्हा भेटला नाही. शिकवताना तो पातेल्याला हात लावत नसे. ड्युटीवरून आला की खाटेवर डोळे मिटून पडायचा आणि नुसता फोडणीचा आवाज ऐकायचा. “समदी मोहरी ओतू नगं. एक दाणा आधी पाठव. त्यो तडतडला तरच बाकीचे.” मोहरी फुटली की हुकूम यायचा, “डबल बेल,” म्हणजे कांदा टाक. करपल्याचा वास आला की “सिंगल बेल,” म्हणजे स्टोव्ह बंद. बटाटा उलथन्याखाली दबला की शिजला, बेसन आधी गार पाण्यात कालवायचं, मगच पिठल्याला लावायचं, असं सगळं त्यानं मला पडल्या पडल्या शिकवलं. भाकरी मात्र मला जमेना, ती तोच थापायचा.

रविवारी त्यानं भाकऱ्या केल्या आणि माझी नजर भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे गेली. किसन बौद्ध, आणि आमच्या घरी तेव्हा बौद्धवस्तीतलं पाणीसुद्धा चालत नसे. त्यानं ती नजर ओळखली. “फोटो न्हाई निघायचा. मी जातो,” म्हणाला आणि सुट्टी असून डेपोत जाऊन बसला. माझ्या त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

आबा आले. घाबरून मी बेसन कोरडंच उकळत्या पाण्यात ओतलं आणि पिठल्यात गुठळ्याच गुठळ्या झाल्या. आबा जेवत होते. मध्येच म्हणाले, “भाकरी तुझ्या हातची न्हाई. कुणाची?” फोटो त्यांनी पाहिला होता. खोटं बोलणं सोपं होतं...

“किसनची,” मी म्हणालो. “त्यानंच समदं शिकवलं.”

आबांचा हात थांबला. मग त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. निघताना एवढंच बोलले, “ऱ्हा हितंच.”

संध्याकाळी किसननं विचारलं, “आबांनी इचारलं?”

“विचारलं. तुझं नाव सांगितलं.”

तो पातेल्यात डोकावला. “म्हंजी या गुठळ्याबी माझ्याच नावावर गेल्या व्हय?”

त्याच्याएवढा मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.

काल महिन्यानं पुन्हा पिठलं करायला घेतलं. तेल तापलं, एक दाणा आधी पाठवला. तडतडला. बाकीची मोहरी टाकली, तीही फुटली. सवयीनं किसनच्या खाटेकडे बघावं तसं मागं वळून पाहिलं, तिथं आता फ्रीज आहे. थोडा वेळ थांबलो... मग मीच म्हणालो, “डबल बेल,” आणि कांदा टाकला.