बांधावरचं भांडण

आमच्या ह्यांचा उजवा हात मोडला तो साखर कारखान्यात, गव्हाणीपाशी, जिथे ऊस गाळपाला टाकतात तिथे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हंगामातली ही गोष्ट. आलेल्या उसाच्या गाड्या नंबराने रिकाम्या करून घेणं हे ह्यांचं काम. माझे धाकटे चुलत दीरही तिथेच कामाला. त्या दिवशी दिरांनी आपल्या सासरवाडीची गाडी मध्येच घुसवली. ह्यांनी बैलांच्या वेसणीला धरून ती मागे सारली. शब्दाने शब्द वाढला आणि दिरांनी हातातली पहार घातली. मनगटाचा चुरा झाला.

आमच्याकडे भाऊबंदांचं भांडण मारुतीच्या देवळात मिटवायची रीत. कामावरून मारामारी झाली असं निघालं असतं तर दिरांची नोकरी गेली असती. म्हणून थोरल्या चुलत सासऱ्यांनी तोडगा काढला, "बांधावरून भांडण झालं म्हना. घरचं हुतं, घरात मिटलं."

मी पायरीवरून विचारलं, "आन ह्यांची भरपाई?"

"सूनबाई, हात कारखान्यातच मोडलाय न्हवं? मग भरपाई कुठं जाती?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! ह्यांनी तसंच सांगायचं कबूल करून डाव्या हाताने बेलभंडार उचलून शपथ घेतली. दीर ह्यांच्या पायाशी बसून रडले. ते रडणं खरं होतं, एवढं मी मान्य करते.

पुढे आम्हा दोघांना आणि दिरांना नगरला भरपाईच्या साहेबांपुढे जावं लागलं. साहेब भला माणूस. त्याने नीट समजावून सांगितलं, "भांडण कामावरून झालं असेल तर भरपाई मिळेल. घरचं वैर कामावर येऊन काढलं असेल तर मिळणार नाही. बोला, कशावरून झालं?"

ह्यांनी दिरांकडे पाहिलं. दीर मान खाली घालून उभे होते. तेव्हा त्यांनी तोंड उघडायला हवं होतं.

"बांधावरून," हे म्हणाले.

मला राहवेना. मी उठले. "खोटं हाय साहेब! गाडीच्या नंबरावरून झालं."

साहेबांनी ह्यांना विचारलं, "बाई म्हणतात ते खरं का?"

"ती तिथं नव्हती," हे म्हणाले. "बायामानसाला काय ठावं?"

चार लोकांत त्यांनी मला खोटं पाडलं. परतताना एस्टीत मी विचारलं, "अवो, आता खायाचं काय?"

"देवाफुडं बेल उचललाय."

"मग देव येनार हाय का भाकरी थापाया?"



दिरांची नोकरी राहिली, आमची भरपाई गेली. ह्यांना कारखान्याने पुढच्या हंगामाला घेतलं नाही, आणि दुष्काळी कामावरचा मुकादमही एका हाताच्या माणसाला उभं करीना. मी खडी फोडायला गेले. संध्याकाळी सुजलेल्या हातांनी ह्यांच्या सदऱ्याची बटणं काढायची, ताटातली भाकरी कुस्करून द्यायची. गावात मात्र ह्यांचा मान वाढला. पारावर लोक म्हणायचे, "भाऊ असावा तर असा!" हे घरी येऊन मला तेही सांगायचे.

भाऊ म्हणून माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू? नवरा म्हणून मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.