म्हादबा सुताराचं न उघडणारं दार

नगरच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली केली. पण माझी सगळ्यात गाजलेली केस मी आमच्याच घरात, खिडकीच्या गजांना धरून चालवली. विरुद्ध बाजूला एक सुतार होता. केस मी हरलो.

लढाईचे दिवस होते. मी आणि माझी बायको सुशीला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. घराला खिडकी एक, दार एक, आणि ते दारही नीट लागत नसे. एकदा भरदुपारी शेजारच्या अमीनभाईंची शेळी त्या दारातून आत आली आणि एका अशिलाची अख्खी कैफियत खाऊन गेली. (मी लिहिलेली कैफियत कुणाला तरी पचली, अशी ती पहिलीच वेळ!)

सुशीला म्हणाली, "आज कागद खाल्ले, उद्या भाकऱ्या खाईल. सुतार आणा."

मी केडगावच्या म्हादबा सुताराला बोलावलं. तो माझा जुना अशील. बांधाच्या भांडणात मी त्याचा दावा चालवला होता. त्यानं दाराभोवती एक चक्कर मारली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "दार फुगलंय, साहेब. तासावं लागंल."

पहिल्या दिवशी त्यानं दार तासलं. इतकं तासलं, की खालून शेळी नाही, पण तिचं करडू आरामात यायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खाली एक पट्टी ठोकली. मग करडू थांबलं, पण दारही अर्ध्यातच थांबलं. मी म्हणालो, "अरे, नवे स्क्रू लाव, बिजागऱ्या बदल!"

"कुठनं आनू? लढाई हाय न्हवं! समदं लोखंड तिकडं गेलंय."

आमचं दार लागत नाही याला जर्मन जबाबदार आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हादबानं उरलेलं काम संपवलं. सुशीला पाण्याला गेली होती. मला अकराला कोर्टात उभं राहायचं होतं; खर्ड्याच्या एका म्हाताऱ्याच्या जमिनीचा दावा होता. मी हजर झालो नाही, तर दावा निकालात निघणार आणि म्हातारा देशोधडीला लागणार! मी काळा कोट चढवून तयार होतो. एवढ्यात म्हादबा बाहेरून ओरडला, "साहेब, आतनं जरा दार लावून बगा. मुंगी जायची न्हाई!"

मी दार लावलं. घट्ट बसलं. वा! मग उघडायला कडी ओढली. कडी माझ्या हातात आली. दार जागच्या जागी.

मुंगी काय, वकीलसुद्धा जाईना!

"म्हादबा, दार उघडत नाही!"

"लागलं का न्हाई पन?"

"लागलं, पण उघडत नाही!"

"मंजी काम झालं," म्हादबा खिडकीशी येऊन म्हणाला. "तुमी काय सांगितलं व्हतं? दार लागत न्हाई. आता लागलं. उगडायचं बोलनंच झालं न्हवतं. मजुरी द्या."

माझ्या अंगातला वकील खवळून उठला. "अरे, उघडतं आणि लागतं त्याला दार म्हणतात! नुसतं लागतं त्याला भिंत म्हणतात! भिंती माझ्याकडे आधीच चार होत्या! एक छदाम मिळणार नाही!"

"मग मी बी धक्का द्यायचा न्हाई," म्हादबा म्हणाला. "धक्क्यानं बिजागऱ्या मोडल्या, तर त्याबी माज्याच माथी मारशीला. आदी मजुरी, मग धक्का." आणि तो ओट्यावर बसून तंबाखू मळायला लागला.

तेवढ्यात सुशीला डोक्यावर घागर घेऊन आली. तिनं दार पाहिलं, म्हादबा पाहिला, खिडकीतला मी पाहिला. घागर खाली ठेवत म्हणाली, "अहो, देऊन टाका ना! कोर्ट चुकेल."

"तत्त्वाचा प्रश्न आहे!" मी गज हलवत गर्जलो.

"चूल आत आहे. तत्त्वावर भाकरी भाजू का?"

गर्जना ऐकून आळी जमली. ओट्यावर, रस्त्यावर, समोरच्या पायऱ्यांवर माणसंच माणसं. अमीनभाई शेळीला दोरीनं ओढत आले आणि पंच म्हणून मध्ये उभे राहिले. मला हुरूप आला. कोर्टात माझं भाषण ऐकायला एवढी माणसं कधीच जमली नव्हती!

मी मुद्दा मांडला. "अमीनभाई, काम फसलं तर पैसे कशाचे? शिंप्यानं सदरा बिघडवला, तर आपण शिलाई देतो का? आचाऱ्यानं भात करपवला, तर बिदागी देतो का? फळ नाही, तर मोल नाही!"

लोकांनी माना डोलावल्या. एकानं तर "वा!" म्हटलं. अमीनभाई म्हणाले, "बात खरी आहे. म्हादबा, तुझं काय म्हणणं?"

म्हादबानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली. "माजं म्हननं येवढंच. माज्या बांधाचा दावा ह्या साहेबांनी चालवला. तीन वरीस. मी हारलो. बांध गेला. पन फी घेतली का न्हाई, इचारा."

"घेतली!" मी ताडकन बोललो. "का घेऊ नये? वकील निकालाचे पैसे घेत नाही, मेहनतीचे घेतो! मी रात्रंदिवस खपलो, निकाल माझ्या हातात होता का?"

डोलणाऱ्या माना एकदम थांबल्या. शेळीसुद्धा रवंथ करायची थांबली.

अमीनभाई हळूच म्हणाले, "वकीलसाब, हे जरा परत बोला."

 आळीनं एकदा ऐकलं होतं, तेवढं पुरे होतं! हास्याचा असा लोट उठला, की माझ्या खिडकीचे गज झणझणले. सुशीला पदरात तोंड लपवून हसत होती. (माझी बायको! माझ्या बाजूची एकुलती एक साक्षीदार!)

शहाण्या माणसानं तिथे हार मानली असती. मी गरजलो, "मला कुणाच्या धक्क्याची गरज नाही! मी माझ्या ताकदीनं बाहेर येईन!"

"अहो, नको!" सुशीला ओरडली.

मी स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत मागे गेलो, कोटाची बटणं लावली, डोळे मिटले आणि धावत सुटलो. खांदा दारावर आदळला. दार उघडलं नाही. मोडलंही नाही. चौकटीसकट, भिंतीतून उपटून, सबंधच्या सबंध बाहेर ओट्यावर आडवं झालं आणि त्यावर पालथा, काळ्या कोटातला मी!

धुरळा आणि ओट्यावरचा लाकडाचा भुसा खाली बसला. म्हादबा वाकून माझ्या भोवतीनं दार तपासत होता. त्याचा चेहरा अभिमानानं फुलला. "बगा मंडळी! अजून लागलेलंच हाय! येक खिळा हलला न्हाई. चौकट निगाली, त्ये गवंड्याचं काम."

अकरा वाजत आले होते. मी पडल्या पडल्या खिशात हात घातला आणि सगळी मजुरी त्याच्या हातावर आदळली. "घे! पण हे मेहनतीचे. निकालाचे नाहीत!"

"तसंच असू द्या," म्हादबा शांतपणे म्हणाला. "म्याबी तुमाला तसंच दिलं व्हतं."

मी उठलो आणि कोर्टाकडे पळालो. धापा टाकत आत शिरलो, तर खर्ड्याचा म्हातारा हात जोडून उभा, जज्जसाहेब घड्याळ बघतायत आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांची खुर्ची रिकामी! ते आलेलेच नव्हते. दावा वाचला होता!

"कुठे आहेत ते?" जज्जसाहेबांनी विचारलं.

पट्टेवाला अदबीनं म्हणाला, "साहेब, गावात कुनी वकील घरात कोंडलाय म्हनं. गजातनं भाषान करतोय. त्ये बगायला गेलेत."

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मी ताठ उभा राहिलो आणि टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "साहेब, असल्या रिकामटेकड्या तमाशासाठी कोर्टाचा वेळ घालवणं, हा बेजबाबदारपणाचा कळस आहे!"

आणि माझ्या बाहीतून ओंजळभर भुसा जज्जसाहेबांच्या कागदांवर पडला.