मी आलो तरी उघडू नका

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे बंबदादा म्हणत. आवाज असा दणदणीत, की बायको म्हणायची, "तुम्ही कानात कुजबुजलात तरी शेजाऱ्यांना कळतं." लढाई होणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा गल्लोगल्ली लोकांना आगीसाठी तयार करायचं काम म्हणूनच त्याच्या गळ्यात पडलं.

थोरल्या बहिणीच्या गल्लीत तर तो जीव ओतून शिकवायचा. बादल्या भरून ठेवा, खिडक्यांना ओली पोती लावा, तळघरात बसा. "आणि धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत दार उघडायचं नाही. बाहेरची विषारी राख आत येईल. अगदी मी आलो तरी उघडू नका!" लोक हसले. ताई म्हणाली, "तुला मी एरवीही उघडत नाही. बरोबर जेवायच्या वेळेला टपकतोस."

मग अणुबॉम्ब पडला. शहराचा मधला भाग उरलाच नाही आणि कडेकडेने आग पसरत सुटली. नळ कोरडे, वीज गेलेली, भोंगे मुके. तरणतलावातलं उरलंसुरलं पाणी इस्पितळ वाचवायलाच जेमतेम पुरणार होतं. साहेबांनी ताईची गल्ली आगीला सोडायचं ठरवलं. "पटकन बघून ये, कोणी राहिलंय का," ते म्हणाले.

त्याने दारं बडवली, घसा फोडून हाका मारल्या. एकही कडी निघाली नाही. गल्ली रिकामी आहे असं सांगायला तो वळलासुद्धा, आणि त्याला स्वतःचेच शब्द आठवले. सगळे आतच होते. त्याचंच ऐकत होते.

तो ताईच्या दाराशी धावला. "ताई, मी आहे गं! आग आली, बाहेर ये!"

आतून तिचा शांत आवाज आला, "भोंगा होऊ दे."

त्याने तोंडाभोवती हात धरले आणि भोंग्यासारखा ओरडला. लांबलचक, एकसुरी, छाती फुटेस्तोवर. तसाच ओरडत गल्लीभर धावला. कड्या निघाल्या. माणसं हातात बादल्या घेऊन, हसत हसत वर आली, आणि त्यांच्या डोक्यांवर राख पडू लागली.

"संपलं ना रे सगळं?" ताईने विचारलं.

"हो." दुसरं काय सांगणार?

कोपऱ्यावरच्या शिंप्याचं दार तेवढं बंदच राहिलं. तो बंबदादाचा सगळ्यात हुशार शिष्य. खरा भोंगा कोणता आणि खोटा कोणता, हे त्याला नक्की कळलं असणार. बंबावरची कुऱ्हाड आणेपर्यंत आगीने ते घर आतल्या नवराबायकोसकट गिळलं होतं.

ताई त्यानंतर फार जगली नाही. अंथरुणावरून ती सारखी शिंप्याच्या बायकोची चौकशी करी.

"ते आधीच निघून गेले होते," तो सांगे.

"सुटली बिचारी. तुझं ऐकत बसली असती तर!" ताई त्याची थट्टा करी, आणि तिचं हसू थांबेपर्यंत तो तिच्याकडे बघत नसे.