अनीसचा उजवा कान

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोसमोर नाही, नमाजनंतर एकटा बसलो असता दुआतसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

पोलादपूरजवळच्या आमच्या गावात मदरसा आहे. मी त्याच्या कमिटीवर होतो. माझी विधवा बहीण सकीना बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहायची, कारखान्यात पॅकिंगला जायची. तिचा एकुलता एक अनीस. "माझ्याकडं दे, सगळं कुराण पाठ करील, हाफिज होईल," असं मीच म्हणालो. तो मदरशातच राहू लागला.

त्या सुमारास बाहेर कुजबुज चालू होती — आत काय शिकवतात, परगावची मुलं कशाला आणतात. एकदा काही माणसं फाटकाशी आली. ओळखीचीच, त्यांच्या घरच्या लग्नांत मी जेवलेला. मी त्यांना आत नेलं, वर्ग दाखवले, चहा दिला. ती गेली. मी फाटकाला आतून कडी घातली.

मग थोड्याच दिवसांत — सबक पाठ म्हणताना चुकला म्हणून उस्तादांनी अनीसच्या कानाखाली मारली. एकदा नाही, मारतच राहिले. मी व्हरांड्यात उभा होतो. दिसत होतं. आत गेलो का? नाही.

कानातून रक्त आलं, ताप चढला. सकीनाला बोलावून त्याला महाडला डॉक्टरांकडं नेलं.

"कशानं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

सकीना तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोललो — "आंब्यावरून पडला."

"हो का रे?"

अनीसनं माझ्याकडं पाहिलं. मान हलवली.

बाहेर आल्यावर सकीना म्हणाली, "भाई, खोटं का बोललास? उस्तादांनी मारलाय त्याला."

"हळू बोल गो. आधीच लोक टपून हायत. मदरसा बंद पडला तर?"

"आणि माझ्या पोराचा कान?"

मी रिक्षा बघायला गेलो.

समाजासाठी गप्प बसलो, असं किती वर्षं स्वतःला सांगितलं असेल? ते खरं नाही. उस्तादांना गावात मीच आणलं होतं. चौकशी झाली असती तर माझं नाव निघालं असतं. एवढंच होतं.

सकीना पोराला घेऊन गेली. त्या उजव्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. अनीस आता बिरवाडीलाच कामाला आहे, लग्न झालंय. ईदला मी जातो तेव्हा तो उठून जागा देतो — "मामू, इकडं बसा." नेहमी त्याच्या डाव्या बाजूला. मी काही बोललो तर ऐकू यावं म्हणून. मी पावसापाण्याचं बोलतो.

उस्ताद नंतरही काही वर्षं होते. मुलं येत होती, शिकत होती. त्यांतल्या आणखी कुणावर त्यांनी हात उचलला? मी कमिटीवर होतो, विचारू शकत होतो. विचारलं नाही.