माझ्या बुटांचा कोबा

आमच्या घरात बूट घालणारा पहिला माणूस मी. केनवडच्या बाजूला आमचं गाव. तिथून कॉलेजात जाऊन बी.ए. झालेला पहिलाही मीच. बढाई म्हणा हवी तर. खरं आहे ते मी दडवत नाही.

अमरावतीच्या कॉलेजातून पहिल्यांदा बूट घालून घरी आलो तेव्हा अंगणात चिखल होता. आमची काळी माती कोणाला सोडत नाही. फाटकापासून ओट्यापर्यंत येईतो एक बूट रुतून मागेच राहिला. बाबा हसले नाहीत. पुढच्या सुट्टीत आलो तर फाटक ते ओटा कोब्याची वाट तयार! चुना, वाळू, विटांचे तुकडे बाबांनी कालवलेले, आणि मायनं लाकडी चोपणीनं चोपून चोपून गुळगुळीत केलेले.

"आता ये सायबावानी," बाबा म्हणाले.

मी आलोही तसाच, टाचा वाजवत.

पण त्या कोब्यावरून घरातलं दुसरं कोणी चालत नसे. बाबा वावरातून आले की कडेनं येत. माय पाण्याची घागर घेऊन कडेनंच जाई. त्यांच्या पायांनी कोब्याला लागून एक बारीक पायवाट पडली. बाबा गेले, मी वाशिमला मास्तर झालो, घरी माय एकटी राहिली. तरी ती त्याच पायवाटेनं.

"माय, कोब्यावरून चाल ना."

"माह्या पायाले शेण हाये, बाबू."

"मग धुऊन चाल."

"ते तुह्या बुटाची वाट हाये. माह्यावाली हे हाये."

काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. तिनं कोबा जागोजागी उचलला होता. त्या दिवाळीत मी शेजारच्या चुलतकाकांकडून पहार आणि घण मागून आणला. काका कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"काहून फोडून राह्यला रे मास्तर?"

"वाट काढून टाकतो."

"लोकं वाटा करतेत, तू काढून राह्यला! हेच शिकवलं काय कॉलेजात?"

मी घण मारत राहिलो. मला काय हवं होतं ते कुंपणावरून सांगण्यासारखं नव्हतं. मायनं आणि मी एकाच जमिनीवरून चालावं, एवढंच.

तिनं चोपलेला चुना सहजासहजी सुटेना. हाताला फोड आले. माय मधूनच आली, एक तुकडा उचलून तिनं उलटापालटा करून पाहिला. "चांगला चोपला होता," म्हणाली, "रांजण हालून राह्यला, त्याच्या बुडाखाली लावाले होईन हा." आणि घेऊन गेली. रागावली की नाही, मला कळलं नाही.

संध्याकाळी शेवटचा तुकडा निघाला. मी मातीचे पाय घेऊन ओटा चढलो.

"थांब! आत्ताच सारवलं मी! पाय धू पह्यले!"

मी तसाच उभा राहिलो. कॉलेजात गेल्यापासून ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. रांजणाजवळ पाय धुताना मला वाटलं, जमलं.

सकाळी वाशिमची मोटर धरायची होती. माय पोचवायला निघाली. कोब्याच्या जागी आता भुसभुशीत मातीचा पट्टा होता. ती आपल्या पायवाटेनं पुढे, मी बूट हातात घेऊन अनवाणी तिच्या मागे. माती गार होती. तिची पावलं जिथे पडत तिथेच मी पाय टाकत होतो.

अर्ध्या अंगणात तिला मागची चाहूल लागली. ती थांबली. पायवाट एका माणसापुरतीच होती. मायनं पदर सावरला आणि बाजूला होऊन त्या खोदलेल्या पट्ट्यात पाय टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जा बाबू, तू समोर जा. मोटर सुटन."

"तू चाल ना पुढे."

"नाही. तू जा."

मी पुढे झालो. फाटकाशी जाऊन वळून पाहिलं. पायवाट मोकळी होती, आणि माय अजून त्या उकरलेल्या मातीतच उभी होती.